विमानाने आणलेलं लुगडं

मी तिसरीपर्यंत शिकलो. तेव्हा अक्षराला नावं ठेवायची तर ठेवा, पण जे घडलं ते खोटं म्हणू नका. लोणखेड्यात परत आल्यापासून रोज संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी येऊन बसतं आणि विचारतं, "आप्पा, इमानमा कसं लागस?" दहा वेळा सांगून तोंड दुखलं. आता एकदाच लिहून ठेवतो. ज्याला ऐकायचं त्याने वाचावं, ज्याला वाचता येत नाही त्याने नातवाकडून वाचून घ्यावं.

आधी घरातली गोष्ट सांगावी लागेल, तिच्याशिवाय प्रवास कळायचा नाही.

सारंगखेड्याला माझी थोरली बहीण दिली आहे. तिला सगळे जिजी म्हणतात, तिची पोरंसुद्धा. माहेरचा म्हणून तिला आता मी एकटाच. अकरा वर्षांमागे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी एक घोडी घेतली. चारही पाय पांढरे, कपाळावर टिक्का, चाल अशी की माणसं वळून बघत. घोडी घेऊन तिच्या दारी गेलो, तर जिजीने ओट्यावरूनच चार माणसांसमोर म्हटलं, "मागला डावा पाय वढस. तुले घोडानी पारख नही." माणसं हसली. मी तिथेच बोललो की या उंबऱ्याचं पाणी आता पिणार नाही. महिन्यात घोडी लंगडी झाली. ती खोटी ठरली असती तर मी गेलोही असतो. खरी ठरली म्हणून गेलो नाही.

बंगलोर

माझा मुलगा सुभाष बंगलोरला कंपनीत आहे. जाताना मी आगगाडीने गेलो होतो, दोन दिवस बसून. तिथे महिनाभर राहिलो. त्या गावाबद्दल एवढंच सांगतो, की माझ्या मजल्यावर चार दारं होती आणि महिन्यात एकही दार माझ्यासमोर उघडलं नाही. कोणी मेलं तर खांदा कोण देत असेल, हे विचारलं तर सुनबाई म्हणाल्या, "आप्पा, असं नका बोलू."

तिथेच एका संध्याकाळी जिजीचा मोठा मुलगा गोकुळ, त्याचा फोन आला.

"मामा, जिजीनं काही खरं नही. डाक्टरनी घर ली जा सांगं. डोळा उघडस नी लगेच मिटी लेस. तुम्ही या. माहेरनं लुगडं तुम्हनाशिवाय कोण आणी?"

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. सासर कितीही मोठं असो. भावाने आणलेलं कोरं लुगडं, घडी न मोडलेलं. ती घडी पहिल्यांदा तिच्या अंगावरच उलगडायची. ते आलं नाही तर लोक म्हणतात, बिचारी उघडी गेली. पुढे तीन पिढ्या म्हणतात.

सुभाष म्हणाला, "आप्पा, आता लुगडं कुठे शोधायचं? इथे नऊवारी मिळायचं नाही."

मी माझी पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून हिरवं लुगडं काढलं. पांढऱ्या बासनात बांधलेलं. घडीत खोबऱ्याची वाटी, हळकुंड आणि सुपारी, ओटीची म्हणून. दाजी अजून आहेत, सवाष्ण बाई.

"हे कधी घेतलं?" सुभाषने विचारलं.

"घोडी लंगडी झाली त्या वर्षी," मी म्हणालो. पुढे त्याने विचारलं नाही ते बरं केलं. अकरा वर्षं ती पेटी जिथे मी तिथे होती. भांडण हे जगण्याचं असतं. लुगड्याशी त्याचा संबंध नाही.

आगगाडीने दोन दिवस लागले असते. मयत दोन दिवस ठेवत नाहीत. सुभाषने सकाळच्या सुरतेच्या विमानाचं तिकीट काढलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो नाही.

दारातच

पहिला धक्का दारात बसला. शिपायाने सुभाषला आत सोडलं नाही. पोराकडे तिकीट नाही म्हणून बापाला एकट्याने जायचं. आमच्या नंदुरबारच्या स्टेशनावर एका माणसाला सोडायला अकरा माणसं येतात आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहतात. इथे बाप-लेकाला उंबऱ्यावर तोडतात.

सुभाषने माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. एक माणूस ती ढकलत आला आणि म्हणाला, "बैठिए बाबा."

मी म्हणालो, "मला काय झालंय? मयत आहे का मी उचलून न्यायला?"

तो मराठी समजला नाही, पण तोंड समजला. रिकामी खुर्ची ढकलत माझ्याबरोबर चालत राहिला, त्याला तसा हुकूम असावा. मी पुढे, खुर्ची मागे. लोक बघत होते.

मग ती तपासणीची जागा. सगळं एका पट्ट्यावर ठेवायचं, पट्टा ते गिळतो आणि पलीकडे ओकतो. माणसं कमरेचे पट्टे काढत होती, चांगली शिकलेली माणसं, एका हाताने पँट धरून. मी धोतरवाला, माझ्याकडे काढायला पट्टाच नव्हता. मी बासन ठेवत नव्हतो. तिथल्या शिपायाने हातातून घेऊन ठेवलं. पट्टा थांबला. आतून आवाज झाला आणि बासन वेगळ्या बाजूला गेलं.

"ये किसका है?"

"माझं. मेरा."

"खोलना पड़ेगा, बाबा. अंदर कुछ गोल है."

"वो मेरी बहन का लुगडा है. उसकी घडी नही मोडते."

"बहन साथ में है?"

"नही. वो मर रही है."

तो शिपाई तरुण होता, मिशी नुकतीच आलेली. त्याचा हात थांबला. त्याने मागे उभ्या असलेल्या साहेबाकडे बघितलं. साहेबाने मान हलवली. पोरगा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ड्यूटी है," आणि त्याने गाठ सोडली.

मी उभा होतो. अकरा वर्षं मी ज्या घडीला बोट लावलं नाही ती परक्या माणसाने हातमोजे घालून उलगडली. एक पदर, दुसरा पदर, मग सगळं नऊ वार त्या लोखंडी टेबलावर. हळकुंड घरंगळलं. खोबऱ्याची वाटी त्याने उचलली.

"सूखा नारियल नहीं जाएगा. तेल होता है, आग पकड़ता है."

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर खोबरं खाल्लं, देवाला वाहिलं, लेकीसुनांच्या ओटीत घातलं. ते विमानाला पेटवतं, हे मला बंगलोरच्या टेबलाशी कळलं. वाटी त्याने एका डब्यात टाकली. तिथे आधीच लायटर आणि कात्र्या पडल्या होत्या.

त्या पोराशी मी भांडलो नाही. हे मी कबूल करतो, कारण गावात मला असं कोणी पाहिलेलं नाही. लुगडं मी बासनासकट हातात गोळा केलं, जसं दोरीवरून पावसात कपडे ओढतात तसं, आणि खुर्चीवाल्याला म्हणालो, "चल." तो खुर्ची पुढे करून उभा होता. या वेळी मी बसलो.

आभाळात

विमान आतून आमच्या तळोद्याच्या जीपपेक्षा मोठं, पण गुडघ्याला जागा तेवढीच. फरक असा, की जीपमध्ये बसल्याबरोबर शेजारचा विचारतो, कोण गाव, कोणाकडे, काय काम. इथे एवढी माणसं आणि एकाला एकाचं गाव माहीत नाही. मी बसता बसता मोठ्याने म्हणालो, "राम राम, मी लोणखेड्याचा." दोघांनी कानातली बोंडं काढून माझ्याकडे बघितलं आणि परत घातली.

माझ्या शेजारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, सुरतेच्या. नाव हंसाबेन. त्यांनी मात्र मान हलवली.

विमानातली पोरगी आली. म्हणाली, हे हातात धरता येणार नाही, पायाखाली ठेवा.

मी म्हणालो, "पायाखाली ठेवणार नाही. मेलो तरी."

"तो ऊपर रखना पड़ेगा, सर."

वर बघितलं तर कोणाचे बूट पिशवीतून डोकावत होते. मी लुगडं छातीशी धरून बसलो. लोक घड्याळं बघायला लागले. मी हलत नव्हतो. तेवढ्यात हंसाबेननी विचारलं, "काका, शुं थयुं?" मी तुटक्या गुजराती-हिंदीत सांगितलं. त्यांनी त्या पोरीला सांगितलं. त्या पोरीने वरचे बूट काढले, दुसरीकडे नेले, एक कागदी रुमाल अंथरला आणि माझ्या हातातून लुगडं दोन्ही हातांनी घेऊन तिथे एकटं ठेवलं. तिच्या नखांना लाल रंग होता आणि वागणं आमच्या घरच्या पोरीचं होतं. मला याचाही धक्का बसला.

मग ती म्हणाली, फोन बंद करा.

"माझी बहीण जायला टेकली आहे," मी म्हणालो. "फोन बंद कसा करू? गोकुळ सांगेल कोणाला?"

"सिर्फ़ दो घंटे, सर."

फोन तिनेच बंद करून दिला.

विमान धावायला लागलं. मी बैलगाडी हाकली, ट्रॅक्टर हाकला, ज्या घोडीने नाक कापलं तिच्यावर बसून शहाद्याला गेलो. पण हे धावणं वेगळं. पाठ खुर्चीला चिकटली आणि पोट जमिनीवरच राहिलं. मी दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली. पुढच्या माणसाने वळून बघितलं तरी सोडली नाही.

ढगांच्या वर गेल्यावर बाहेर पाहिलं. खाली पांढरं, सरकी काढून जिनिंगच्या अंगणात पसरलेल्या कापसासारखं, फक्त त्याला काठ नव्हता. एवढं मोठं आभाळ आणि त्यात एकही पाखरू नाही. आणि कुठूनही काही कळण्याची सोय नाही. जिजी या क्षणी आहे का नाही, हे जगात सगळ्यांना कळू शकत होतं, मला सोडून. गावात तर कोणी गेलं की निरोप पायी येतो, सायकलने येतो, बांधावरून हाक मारून येतो. दोन तास निरोप पोचणार नाही अशी जागा माणसाने मुद्दाम बांधली आहे आणि तिकीट काढून तिच्यात बसतो. आतली माणसं पेपरच्या पेल्यात गरम पाणी ओतून उपमा खात होती.

पट्टे सोडायची परवानगी झाल्यावर हंसाबेन उठल्या आणि लुगडं खाली काढलं.

"लावो काका, मने आपो. आ तो मारुं रोजनुं काम छे."

त्या सुरतेच्या साड्यांच्या मार्केटात घड्या घालायचं काम करत होत्या, बावीस वर्षं. बंगलोरला लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. त्या एवढ्याशा जागेत, गुडघ्यावर, हनुवटीखाली काठ धरून, त्यांनी नऊ वार लुगड्याची घडी घातली. हात असे चालले की मी आभाळ विसरलो. पण शेवटी त्यांनी अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"पहेला जेवी नहीं थाय, काका."

अकरा वर्षांच्या जुन्या घडीच्या रेघा आडव्या होत्या आणि नव्या त्यांच्यावरून उभ्या गेल्या होत्या. ज्याला दिसायचं त्याला दिसलंच असतं. त्यांनी आपल्या पर्समधून एक सुपारी काढून घडीत ठेवली, खोबऱ्याच्या जागी, आणि बासन परत बांधून दिलं.

मी सुनबाईंनी दिलेल्या दशम्या त्यांच्यापुढे केल्या. मी स्वतः खाणार नव्हतो, जिजीचं तोंड बघेपर्यंत. त्यांनी दोन खाल्ल्या, सोबत मिरचीचा ठेचाही. वास सुटला तेव्हा कानात बोंडं घातलेल्या दोघांनीही वळून पाहिलं. एकाला दिली. तो अमळनेरचा निघाला. दीड तास माझ्या पुढे बसून होता आणि बोलला नव्हता. मी त्याला म्हणालो, "खान्देशना माणूस नी गुपचूप बठना?" तो लाजला.

उतरताना हंसाबेननी खिडकीतून बोट दाखवलं. "जुओ काका, तापी."

मी वाकून बघितलं. आमच्या उसाला, केळीला जिचं पाणी, जिच्या काठी जिजीचं घर, ती नदी तिथे समुद्रात जात होती. पाणी मातकट, मग हिरवं, मग कुठलं ते ओळखूच येईना. सत्तर वर्षं मी तिला येताना पाहिली होती. संपताना पाहिली नव्हती. मी तोंड फिरवलं.

सुरत

विमान टेकलं आणि हंसाबेननी फोन चालू करून दिला. गोकुळचे सात फोन येऊन गेले होते.

माणसाला सात वेळा कशासाठी फोन करतात? मी तो फोन त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी लावला. उचलत नव्हता. परत लावला, तरी उचलत नव्हता. सगळे उभे राहून पिशव्या काढत होते आणि मी बसून होतो, मांडीवर लुगडं. मी मनात म्हटलं, गेली. मी आभाळात असताना गेली. उपमा चालला होता तेव्हा.

खुर्चीवाला इथेही आला. मी बसलो नाही. जिच्यासाठी आलो ती गेली असेल तर भावाने पायी जावं.

बाहेरच्या दारात गोकुळ उभा. मला त्याला ओळखायला वेळ लागला, अकरा वर्षांत टक्कल पडलं होतं. तो एवढ्या लांब गाडी घेऊन आला म्हणजे काय समजायचं? घरी मयत असेल तर मोठा मुलगा घर सोडून येतो का? आणि नसेल तर सात फोन का?

मी विचारलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मामा, कोठे होता तुम्ही? चार दरवाजा शेतस आठे, कोणता दरवाजामा उभा ऱ्हावू ते इचाराले फोन करी ऱ्हायंतू. नी तुम्ही फोन कया तव्हय मी शिपाईसंगे भांडी ऱ्हायंतू, गाडी लावू देत नव्हता."

"जिजी?"

"शे, जित्ती शे," तो म्हणाला. "पण चला लवकर."

सारंगखेडा

नवापूरचा घाट, नंदुरबार, काही आठवत नाही. तापीचा पूल आठवतो. सकाळी जिला संपताना पाहिलं ती दुपारी पुलाखाली वाहत होती, जशी कायमची. मला हायसं वाटलं, का ते सांगता येत नाही.

अंगण बायामाणसांनी भरलेलं. दाजी खांबाला टेकून बसलेले, ऐकायला येत नाही, त्यांनी नुसता हात वर केला. जिजी ओसरीत खाटेवर. एवढी बाई एवढीशी झाली होती. मी बासन पाठीमागे धरलं. जिवंत बाईसमोर तिचं शेवटचं लुगडं घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

गोकुळ तिच्या कानाशी वाकला. "जिजी, मामा ऊना."

तिने डोळे उघडले. "कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मी म्हणजे कोण? अकरा साल मन्हा घर कोणी मी ऊना नही."

बायांनी तोंडाला पदर लावले. मी खाटेजवळ सरकलो.

"कसामा ऊना?"

"इमानमा."

"घोडावर बसता येत नही नी इमानमा बसना." मग हात पुढे केला. "दे. मांगे काय लपाडस? मन्हंच शे ना."

मी दिलं. काय करणार? तिने बासन सोडायला लावलं, लुगडं छातीवर घेतलं आणि बोटांनी चाचपलं. तिच्या डोळ्यांना कमी दिसत होतं, पण हात कापसाच्या वेचणीत आयुष्यभर गेलेले. बोट एका रेघेवर थांबलं, मग दुसऱ्या.

"ही घडी कोणी मोडी?"

मी सगळं सांगितलं. पट्टा, शिपाई, खोबरं, हंसाबेन. खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी सुचलं नसतं. एक म्हातारी मागून म्हणाली, "अपशकुन व्हयना, माय." दुसरी म्हणाली, आता शहाद्याहून नवं आणावं लागेल, पण ते भावाच्या हातचं कसं म्हणायचं? मी मान खाली घालून उभा होतो. एवढं आभाळ ओलांडून मी बहिणीला उघडीच ठेवली होती.

जिजी म्हणाली, "मोडेल घडीनं लुगडं मयतवर टाकतस का?"

टाकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मंग कोणावर टाकतस?"

"जित्तावर," तिने स्वतःच सांगितलं. "वहू, नेसाड माले. भाऊनं शे, वाया कसाले जाऊ देऊ."

आम्ही माणसं अंगणात गेलो. सुनांनी तिला बसवलं आणि हिरवं लुगडं नेसवलं. परत आलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि कपाळावर ताजं कुंकू होतं. तिने सुनेला खूण केली. सून तांब्या घेऊन माझ्यासमोर आली.

"पाणी पे," जिजी म्हणाली. "का तहानबी इमानमा ठी ऊना?"

मी उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायलो. एका घोटात. थंड होतं.

आता

तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतो, त्यालाही कळत नाही. मला कळतं, पण मी डॉक्टरला सांगायला जाणार नाही. जिजी काठी घेऊन गोठ्यापर्यंत जाते आणि येता-जाता माणसांच्या गुरांना नावं ठेवते. हिरवं लुगडं एक दिवसाआड अंगावर असतं.

मी दर सोमवारी जातो. गेल्या सोमवारी तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "भाऊ, आते दुसरं आणी ठेव. कोरं. नी इमानमा नको आणू."

"आणसू," मी म्हणालो.

शहाद्याच्या दुकानात तसंच हिरवं आलं आहे, काठही तोच. दुकानदाराने दोनदा काढून दाखवलं. दोनदा मी हात लावून परत आलो. जिजीला सांगितलं, रंग पसंत पडला नाही. ती म्हणाली, तुझी पारख मला माहीत आहे.

असू दे. माझा हट्ट लोणखेड्यापासून सारंगखेड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते लुगडं घेत नाही.